आठव्या वेशीचं गाऱ्हाणं

मी शाप मानत नाही. शापित शहरांच्या गोष्टी मात्र लिहिते. रस्ते रातोरात दिशा बदलतात, आरशातला माणूस जरा उशिरा हसतो आणि सकाळी दार उघडलं की समोर कालची गल्लीच नसते, अशा शहरांच्या. इचलकरंजीत आमचा छोटा छापखाना आहे. मी बाराखडी शिकले ती ओल्या शाईच्या पत्रकांवर. ‘कामगार बंधू-भगिनींनो’ लिहिता यायला लागलं तेव्हा मला स्वतःचं आडनावही धड लिहिता येत नव्हतं. बाबांचा नियम एकच: पत्रकाच्या पहिल्या ओळीत हाक हवी आणि शेवटच्या ओळीत काम हवं. मधे काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा.

बाबांच्या चळवळीतल्या मित्रांना माझ्या गोष्टी म्हणजे पळवाट वाटते. मी त्यांना सांगते, यंत्रमागापुढे रात्रपाळी करून आलेल्या माणसाला विचारा, पहाटे घरी येताना त्याला आपलीच गल्ली कधी अनोळखी वाटली नाही का. ते हसतात, मी चिडते, चहा येतो. पण या प्रकारच्या गोष्टींत एक गोष्ट मलाही खटकत आली आहे. शाप नेहमी जिंकतो. माणसं पळतात, वेडी होतात, नाहीतर भिंतीत विरघळतात, शहर उरतं. पत्रकांवर वाढलेल्या मुलीला हे किती दिवस सहन व्हावं?

अशातच मालवणहून माझ्या मैत्रिणीचा, सुजाताचा निरोप आला. “आमचं गाव पळतंय. येतेस?”

घाटाखाली

गगनबावड्याचा घाट उतरला की हवा ओली होते आणि कानातले दडे सुटतात. मालवणच्या स्टँडवर सुजाता स्कूटर घेऊन उभी होती. ती हायस्कुलात मराठी शिकवते आणि दिवाळी अंकांत ‘दर्यावर्दी’ या नावानं गूढकथा लिहिते. वाचकांना तो कोणी मिशीवाला खलाशी वाटतो. तिच्या आंबेसडा गावात तर कुणाला काहीच माहीत नाही. तिच्या आईला, शालनकाकींना, वाटतं की पोरगी खोलीत बसून पेपर तपासते.

“या वेळी सांगणार आहे,” सुजाता स्कूटरवरून मागे न बघता म्हणाली. “गाव बाहेर असेल तेव्हा. सगळ्यांपुढे माझी नवी गोष्ट वाचणार. माझ्या माणसांपुढे जमलं तर पुढची माझ्या नावानं छापेन. नाही जमलं तर दर्यावर्दी म्हणूनच मरेन.”

गाव पळणं म्हणजे काय, हे न गेलेल्यांसाठी सांगते. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन अख्खा गाव वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. तेवढे दिवस गाव देवाचं आणि चाळ्यांचं. चाळे म्हणजे जागोजागी वस्ती करून असलेली अदृश्य मंडळी. परत यायचं तेही कौल मिळाला तरच. याला गावपळण म्हणतात.

मी आजवर कागदावर किती शहरं रिकामी केली, पण ती लिहिताना मला कधी कोंबडीचे पाय बांधावे लागले नव्हते.

ढोल वाजल्यावर

दुपारी ढोल वाजला. भातकापणी झालेली, त्यामुळे खळ्यांत पेंढ्याचा वास. शालनकाकी कुलूप लावून तीनदा परतल्या. एकदा गॅस बघायला, एकदा नळ बघायला, एकदा कुलूप बघायला.

“आये, चाळे गॅस पेटवचे नाय,” सुजाता म्हणाली.

“तुका काय ठावक? तेंका चाय नको?”

रिक्षात मागच्या सीटवर दोन शेळ्या ऐटीत बसून चालल्या होत्या. एका घराचा फ्रिज रिकामा करून त्यातलं सगळं म्हावरं वाटेतच वाटून झालं. आणि वेशीवरच्या ओहोळापाशी मोठा घोटाळा झाला. गावचे मानकरी तात्या यांच्या पिशवीतला कोंबडा सुटला, ओहोळ ओलांडून उलटा गावात पळाला आणि एका कौलावर जाऊन बसला. आता कुणाला मागे जायची सोय नव्हती. ढोल थांबला होता, आणि तो थांबला की आत पाऊल टाकायचं नसतं.

“आवशीक खाव त्या कोंब्याच्या!” तात्या ओरडले.

“ऱ्हवांदे, तात्यानू,” मागून कुणी तरी म्हणालं. “तीन दिस तोच गावकर.”

तात्या म्हणजे देवापुढे गावाचं गाऱ्हाणं, म्हणजे साऱ्यांच्या वतीनं साकडं, घालणारे. सत्तरीचे, अंगानं वाळक्या शेंगेसारखे, पण आवाज असा की आमच्या गेटसभेत त्यांना माईक लागला नसता.

खाडीकाठची वस्ती

ओहोळापलीकडे खाडीकाठच्या माळावर राहुट्या उभ्या राहिल्या. बांबू, माडाची झावळं, वरून निळी ताडपत्री. मी पहिल्यांदा काय पाहिलं तर राहुट्या वाडीवार आहेत की नाहीत. होत्या. गाव मागे सोडलं तरी वाडी सोडलेली नव्हती, हे मी इथे लिहून ठेवते. पण पाणी एकाच विहिरीचं होतं, आणि संध्याकाळपर्यंत कुणाच्या टोपातलं कालवण कुणाच्या ताटात आहे याचा हिशेब खुद्द टोपांनाही लागला नसता. मशिदीमागच्या मोहल्ल्यातली घरंही आली होती. त्यांनी आणलेला खाजा मी एकटीनं अर्धा संपवला.

आमच्याकडे ज्वारीची भाकरी थापली की आवाज अख्ख्या गल्लीत जातो. इथली तांदळाची भाकरी गुपचूप फुगते. कुळदाची पिठी, उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं. तिखल्यात तिरफळं होती. ती बाजूला काढायची असतात हे मला कुणी सांगितलं नाही. मी एक चावलं आणि माझी जीभ झोपली.

“तिरफळ खाल्ल्यान गो तिना!” काकी ओरडल्या आणि चार राहुट्यांतून हसू फुटलं. मी काही तरी बाणेदार बोलायला गेले, पण तोंडातून फक्त ‘थ’ येत होता.

तात्या पानदान घेऊन जवळ सरकले. “खंयचा चेडू ह्या?”

“इचलकरंजीची माझी मैत्रीण,” सुजातानं सांगितलं. “लेखिका आसा. शापित शहरांच्या, भुताखेतांच्या गोष्टी लिवता.”

“भुतां मानतंस?” त्यांनी मला विचारलं.

“नाही,” मी म्हटलं. तेवढा शब्द जमला.

“मगे ती तुझ्या गोष्टीत येतत कशी? जो आपल्याक मानणा नाय तेच्या दारात मी तरी जावचंय नाय.”

उत्तर देण्याऐवजी मीच प्रश्न विचारला. सवयच तशी. “तात्या, गाऱ्हाणं बाई का घालत नाही?”

त्यांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. “जेका गावातल्या सगळ्या जाग्यांची नावां येतत तो घालता. खंय कोणाचा ठिकाण, खंय कोणाची राखण, एक नाव चुकला तर ता गाराणा फुकट. बापूस झिलाक शिकवता.”

“आणि मुलीला?”

“चेडू लगीन करून जाता. दुसऱ्या गावाची नावां तिका कोण सांगतला?”

मी तोंड उघडलं. सुजातानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “तुझं पत्रक जरा खिशात ठेव,” ती हळूच म्हणाली. “मला उद्या वाचायचंय.”

परवानगी

पण बातमी आधीच फुटली होती. सकाळी पेजेची वाटी हातात असतानाच तात्या आले.

“सुजा, पोरां सांगी होती, तू शापाची गोष्ट वाचतलंस?”

“व्हय.”

“गाव देवाच्या हवाली करून आम्ही भायर बसलंव. आणि तू वेशीर बसून शाप वाचतलंस? गाव ऐकता, बाय.”

हे ‘गाव ऐकता’ त्यांनी इतक्या साधेपणानं म्हटलं की माझ्या पाठीवर काटा आला. आणि काटा आला म्हणूनच मी भडकले. भीतीचा धाक दाखवून लोकांची तोंडं बंद करणं हा धंदा जुना आहे, लिहिणारीनं काय वाचावं हे मानकऱ्यानं ठरवायचं नसतं, वगैरे. भाषण बरं झालं. आजूबाजूच्या बायकांनी ते टाळ्या वाजवायच्या बेतानं ऐकलं आणि कुणाला काही पटलं नाही.

सुजातानं मला हातानं गप्प केलं. “तात्यानू, दशावतारात राक्षस येता तेव्हा तुम्ही पुढच्या रांगेत बसतास ना?”

“बसतंय. राक्षस येता, नाचता, आणि मरता. तुझ्या गोष्टीतलो मरता?”

सुजातानं पेजेची वाटी खाली ठेवली.

“मगे?” तात्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. “बरा. वाच. पण गोष्ट उघडी टाकूची नाय. आमका परवा आत जावचा आसा.”

ते गेल्यावर सुजाता माझ्याकडे वळली. तिच्या गोष्टीचा शेवट मला माहीत होता. तो उघडाच होता, आणि भयंकर होता.

“बदलू?” तिनं विचारलं.

मनातून मला तो शेवट आवडत नव्हता. त्यात शापच जिंकत होता. पण दबावाखाली बदललेला मजकूर आमच्या छापखान्यात कधी छापला गेला नाही. “एक शब्द बदलू नकोस,” मी म्हटलं. “उठून गेले तर जाऊ देत.”

“तुला काय जातंय सांगायला?” ती म्हणाली. “तू परवा बसमध्ये बसशील. मला इथेच राहायचंय.”

ते खरं होतं. मला जन्मात ऐकावं लागलेलं सगळ्यात खरं वाक्य बहुधा तेच.

सातवेस

दुपार कलल्यावर माडांच्या सावलीत लोक जमले. पुढे पोरं, मग बायका, मागे पुरुष बिड्या ओढत. सुजाता पाटावर बसली. काकींना वाटत होतं मुलगी शाळेच्या पुस्तकातली गोष्ट वाचणार. ती म्हणाली, “मी गोष्टी लिहिते. बरीच वर्षं. दर्यावर्दी मीच.” दोन-चार भुवया वर गेल्या. एकजण म्हणाला, “मेल्या, मी तेका पत्र लिवलेलंय!” आणि तिनं वाचायला सुरुवात केली.

गोष्ट थोडक्यात अशी. सातवेस नावाचं शहर आहे. आतून मोजल्या तर वेशी सात. एके वर्षी साथ येते आणि सगळे नगरजन बाहेर पडतात. परत येताना मोजतात, तर वेशी आठ भरतात. आठवी अगदी बाकीच्यांसारखी. जो तिच्यातून आत जातो तो आपल्याच घरी पोचतो. फक्त तुळस उजवीकडे असायची ती डावीकडे असते. आई ताट वाढते, पण मुलाला हाक मारते ती एका नसलेल्या मुलाच्या नावानं. आणि हळूहळू मुलगा त्या नावाला ओ देऊ लागतो. ज्या दिवशी तो ओ देतो, त्या दिवशी बाहेर थांबलेल्या त्याच्या खऱ्या माणसांच्या आठवणीतून तो पुसला जातो. बाहेर माणसं कमी होत जातात आणि कुणाला काही कमी झालंय असं वाटत नाही.

ती वाचत होती आणि माळावर एक बिडी पेटत नव्हती. पोरं आयांच्या मांडीवर चढली होती. ती त्या ओळीशी आली जिथे आठव्या वेशीच्या आतून कुणी तरी दार ठोठावतं, आणि नेमकं तेव्हाच ओहोळापलीकडून, रिकाम्या गावातून, भर उन्हात कोंबडा आरवला.

अख्खा माळ उडाला. माझ्या बोटांत काकींची बोटं कधी आली कळलं नाही. मग सगळे असे हसले की गुरं उठून उभी राहिली. “तात्यानू, तुमचो गावकर बोलावता!” हसू विरलं तेव्हा मात्र सगळे आणखी जवळ सरकून बसले होते.

शेवट आला. उरलेली थोडी माणसं आठ वेशींपुढे उभी असतात. कुठली खोटी, ते कळत नाही. रात्र व्हायला आलेली. ती एकमेकांचे हात धरून एका वेशीत शिरतात. ती कितवी, ते गोष्ट सांगत नाही. सुजातानं कागद खाली ठेवले.

कुणी उठून गेलं नाही, आणि कुणी टाळीही वाजवली नाही. मग एक बाई म्हणाली, “मगे? घराक गेली काय नाय?”

“माहीत नाही,” सुजाता म्हणाली. “तेच भय आहे त्यात.”

“ह्या काय गो? इतक्या लोकांका थंयच उभ्या ठेवलंस?” “तेंच्यात लहान पोरगो होतो, तेचा काय?” “सकाळी परत मोजूक व्हयी होती!” माळ उसळला. लोक भांडत होते, पण सुजाताशी नव्हे. भांडण त्या शहराशी होतं. मी इतकी वर्षं वाचते आहे, शापित शहराविरुद्ध असा मोर्चा निघालेला मी पाहिला नव्हता.

तात्या उठले. गलका थांबला.

“सुजा,” ते म्हणाले, “इतको मोठो गाव. तेंच्यात गाराणा घालणारो एक पण नाय?”

सुजातानं खाली ठेवलेले कागद पुन्हा उचलले.

“सीम सोडून भायर पडली, तेव्हा गाराणा नाय. परत जावची तेव्हा गाराणा नाय. मगे वेस तेंका वळखतली कशी? चूक वेशीची नाय. चूक तेंची.” ते पुढे आले, वहाणा काढल्या, तोंड ओहोळाकडे केलं, हात जोडले. “बा देवा म्हाराजा!”

सवयीनं अख्खा माळ म्हणाला, “व्हय म्हाराजा!”

“ह्या सातवेस शहराच्या...” आणि ते थांबले. मग हात सोडून त्यांनी मान हलवली. “माका जमाचा नाय. तेच्या वेशींची नावां माका येणत नाय. थंय खंयचो चाळो खंय बसता, माका ठावक नाय.” ते तिच्याकडे वळले. “तुका येतत. शहर तुझा. तू घाल.”

मागून एक पुरुष म्हणाला, “तात्यानू, चेडवान गाराणा घालूचा?”

“नावां तुका येतत? येतत तर तू ये.” तो बसला.

सुजाता उभी राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, कागदाकडेही नाही. पायांतल्या चपला काढल्या. सुरुवातीला आवाज वर्गातला होता, शुद्ध, जपून. तिसऱ्या वेशीपर्यंत तो मालवणी झाला होता.

“बा देवा म्हाराजा! उगवतीची मिठवेस, तिच्यार पिंपळाची राखण!”

“व्हय म्हाराजा!”

“कुंभारवेस, थंयची भट्टी विझणा नाय! कोष्टीवेस, थंय धाग्यान दार बांधतत!”

“व्हय म्हाराजा!”

एकेक वेस ती घेत गेली. प्रत्येकीचं झाड, प्रत्येकीचा दगड, प्रत्येकीचा चाळा. यातलं अर्धं गोष्टीत नव्हतंच. ते तिच्या डोक्यात होतं आणि ती कुणी विचारण्याची वाट बघत होती. सातवी झाली. ती थांबली. माळावर फक्त भरतीचं पाणी ऐकू येत होतं.

“आणि तू, आठवे वेशी! तुका कोणी बांधूक नाय. तुका कोणी नाव ठेवूक नाय. म्हणान तू उपाशी ऱ्हवलंस आणि माणसां खाल्लंस. आज तुका नाव देतंव. तू विसरवेस! तुझो नारळ तुका, तुझो वाटो तुका, तू तुझ्या जाग्यार ऱ्हव. आमचो उंबरो आमका दी. जी जी माणसां आत अडाकली, तेंका तेंच्या आवशीनी ठेवलेल्या नावान हाक मार, आणि तेंच्या तेंच्या दारात नी, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

मीही म्हटलं. देवाला म्हटलं नाही, हे नोंदवते, सुजाताला म्हटलं. पण इतक्या जोरात म्हटलं की घसा बसला. मोर्च्यांत ‘जिंदाबाद’ला असंच छातीतून काही सुटतं, ते मला ओळखीचं होतं. शहर सुटलं होतं. डोळ्यांपुढे मला ती माणसं आपापल्या अंगणात शिरताना दिसली.

शालनकाकी रडत होत्या. “पेपर तपासतंस म्हणी होतंस,” एवढंच त्या म्हणाल्या आणि लेकीच्या पाठीत एक धपाटा घातला.

तात्यांनी वहाणा घातल्या. “आता गोष्ट बंद झाली,” ते म्हणाले. मग जरा विचार करून, “मिठवेशीर पिंपळ नको. मिठात पिंपळ जगाचो नाय. कांदळ घाल.”

सुजातानं लगेच कागदावर दुरुस्ती केली. या दबावाला माझी हरकत नव्हती.

परत

कौल मिळाला. सकाळच्या उन्हात ढोल वाजला आणि सगळी पालं मोडून गाव निघालं. ओहोळापाशी तात्या सगळ्यांत पुढे होते. पाण्यात पाय घालण्याआधी ते थांबले, वळले, आणि चेहरा गंभीर ठेवून ओरडले:

“ही कितवी वेस?”

पुढची पोरं ओरडली, “आमची!” मग मागून सगळ्यांनी, शेळ्या सांभाळत, टोप सांभाळत, “आमची!”

घरोघरी कुलपं निघाली आणि मी जे ऐकलं ते जगातल्या कुठल्याही शापित शहरानं ऐकलेलं नसेल. एका अंगणातून हाक आली, “आमची तुळस जाग्यार आसा गो!” दुसरीकडून, “आमची पण!” मोहल्ल्यातून एक काका म्हणाले, “आमच्याकडे तुळस नाय, पण माड आसा, तो जाग्यार आसा!” शालनकाकींनी तुळशीला हात लावून पाहिला, मग गॅस बघायला आत धावल्या.

कोंबडा तात्यांच्या पडवीत, त्यांच्याच आरामखुर्चीत बसला होता. खुर्ची त्यानं पार खराब केली होती. त्याला कापायचं ठरलं होतं, पण तात्या म्हणाले, “तीन दिस एकट्यान गाव सांभाळल्यान. तेका कोण कापतला?” तो अजून आहे. सुजाता फोनवर त्याची तक्रार करते, पहाटे झोपू देत नाही म्हणून.

मी गाऱ्हाणं मानायला लागले का? नाही. कौलाबद्दल तात्यांशी माझं भांडण मी फोनवर चालू ठेवलं आहे आणि मी ते सोडणार नाही. पण एक पक्कं झालं. शहराला शाप लागतो तो त्याच्या वेशींची नावं कुणाला येईनाशी झाली की. आणि आंबेसड्यात आता दोन मुली तात्यांकडे नावं शिकायला बसतात. त्या लग्न करून कुठे जातील ते पुढे बघू, असं तात्याच म्हणाले.

सातवेशीची गोष्ट आमच्या छापखान्यात पुस्तिकेच्या रूपात छापली. मुखपृष्ठावर सुजाताचं नाव आहे, दर्यावर्दीचं नाही. मुद्रितं बाबांनीच तपासली. गाऱ्हाण्यापाशी आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “हाक तर आहे. काम कुठाय?”

काम हे: आपल्या गावाच्या वेशी मोजा, आणि एखादी जास्त भरली तर तिला नाव द्या.